गावात शूटिंग, शहरात महोत्सव : आपल्या मातीतला सिनेमा मोठ्या पडद्यापर्यंत कसा पोचतो?

अहिल्यानगर, सोलापूर आणि मराठवाड्याच्या पट्ट्यात आता कॅमेरा काही नवा राहिलेला नाही. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या कांद्याच्या वावरात, कुठं यात्रेत शूटिंग होतं. दोन-चार वर्षांनी बातमी येते की अमुक सिनेमा पुण्याच्या महोत्सवात लागला, तमुक शॉर्टफिल्म संभाजीनगरला दाखवली. पण ज्या गावात तो सिनेमा झाला, त्या गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेलाच नसतो. महोत्सव म्हणजे नेमकं काय, तिथं सिनेमा कसा जातो, त्यातून पैसे मिळतात का आणि गावानं शूटिंगला होकार देताना काय बघावं, याची ही एकत्र माहिती.

महोत्सव म्हणजे काय?

थिएटरात सिनेमा लागतो तो तिकीट विकण्यासाठी. महोत्सवात सिनेमा लागतो तो निवड होऊन. ठरलेल्या चार-आठ दिवसांत देशोदेशीचे सिनेमे एका शहरात दाखवतात. निवड समिती आधी आलेले सगळे सिनेमे बघते आणि त्यातले थोडे घेते. स्पर्धा असेल तर वेगळे परीक्षक पुरस्कार ठरवतात. सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक आणि कलाकार बऱ्याच वेळा तिथंच उभे राहून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मोठा हिरो नसलेल्या सिनेमाला पहिली ओळख मिळते ती इथंच.

मराठी सिनेमाला हे नवीन नाही. दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभात कंपनीसाठी केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि १९३७ मध्ये इटलीतल्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूच्या तुकोबांची गोष्ट तेव्हाच साता समुद्रापार गेली होती. पुढं राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलं सुवर्णपदकही मराठीलाच मिळालं, आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला.

जवळचे महोत्सव कोणते?

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे ‘पिफ’. २००२ पासून सुरू आहे. पुणे फिल्म फाउंडेशन तो राज्य सरकारच्या सहकार्यानं भरवतं आणि डॉ. जब्बार पटेल यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. मराठी सिनेमांची वेगळी स्पर्धा असते. त्यातल्या सर्वोत्कृष्ट सिनेमाला संत तुकारामांच्या नावाचा पुरस्कार देतात.

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव छत्रपती संभाजीनगरला भरतो. २०२५ च्या जानेवारीत तो दहाव्यांदा झाला. इथला मोठा पुरस्कार ‘सुवर्ण कैलास’. आयुष्यभराच्या कामासाठी ‘पद्मपाणि’ पुरस्कार देतात. २०२४ ला तो जावेद अख्तर यांना आणि २०२५ ला सई परांजपे यांना मिळाला. गावाकडच्या पोरांच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे मराठवाड्यातल्या शॉर्टफिल्मसाठी इथं स्वतंत्र स्पर्धा ठेवतात. म्हणजे बीड, जालना, परभणीच्या पोरांना थेट परदेशी सिनेमांशी झुंजावं लागत नाही.

कोल्हापूरलाही आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो. कलामहर्षी बाबुराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी त्यामागं आहे. गोव्याचा ‘इफ्फी’ हा केंद्र सरकारचा महोत्सव. त्याची सुरुवात १९५२ ची, पण २००४ पासून तो पणजीत, बहुतेक वेळा नोव्हेंबरात भरतो.

नगर शहरापासून पुणे आणि संभाजीनगर दोन्ही सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अडचण अंतराची कमी आणि वेळेची जास्त. हे दोन्ही महोत्सव जानेवारीच्या सुमारास असतात. त्या दिवसांत इकडं कांद्याची लागवड, गव्हाला पाणी आणि रात्रीची लाईट चालू असते. शेतकऱ्यानं एखादा शनिवार-रविवार काढला तरी पुष्कळ.

आपल्या भागातून गेलेले सिनेमे

कर्जत-जामखेडला लागून असलेला करमाळा तालुका सगळ्यांना माहीत झाला तो नागराज मंजुळे यांच्यामुळं. ते जेऊरचे. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात त्यांनी संज्ञापन शास्त्राचं शिक्षण घेतलं. त्यांची ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म शाळेत जाऊ पाहणाऱ्या गरीब पोराची गोष्ट. दिग्दर्शकाच्या पहिल्या कामासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. आधी छोटी फिल्म, मग मोठी, हा रस्ता त्यातून अनेकांना दिसला.

‘फँड्री’ २०१३ च्या मुंबईच्या महोत्सवात गाजला आणि १४ फेब्रुवारी २०१४ ला थिएटरात आला. सिनेमातलं गाव नगरजवळचं अकोळनेर. गावातली डुकरं धरायचं काम ज्या घरावर लादलं जातं, त्या घरातल्या जब्याची ही गोष्ट. मंजुळे यांना पहिल्या सिनेमासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. जब्या झालेला सोमनाथ अवघडे राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला. त्याआधी तो कुठल्याही सिनेमात नव्हता.

‘सैराट’ आधी २०१६ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला आणि मग २९ एप्रिलला आपल्याकडं लागला. करमाळ्याच्या परिसरात शूटिंग झालेल्या या सिनेमातल्या अकलूजच्या रिंकू राजगुरूची राष्ट्रीय पुरस्कारात खास दखल घेतली गेली. महोत्सव आणि तिकीटबारी दोन्ही जिंकणारा असा सिनेमा मात्र क्वचितच होतो. त्यावरून बाकीच्यांचा हिशेब लावू नये.

‘ख्वाडा’ श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांचा. मेंढरं घेऊन भटकणारं धनगर कुटुंब, जमिनीचा वर्षानुवर्षं चाललेला खटला आणि वाटेत गावपुढाऱ्याशी पडलेली गाठ, असा विषय. राष्ट्रीय पुरस्कारात दिग्दर्शकाचा खास उल्लेख झाला आणि जागेवर केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला. त्यानंतर २२ ऑक्टोबर २०१५ ला तो थिएटरात आला.

‘टिंग्या’ २००८ चा, जुन्नर भागातला. दिग्दर्शक मंगेश हाडवळे. जायबंदी झालेला बैल विकायचा नाही म्हणून हट्ट धरणाऱ्या पोराची गोष्ट. शरद गोयेकर या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘स्थळ’ विदर्भातला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात केलेला. दिग्दर्शक जयंत सोमलकर. शिकायचं असलेल्या मुलीला एकामागून एक स्थळं बघायला येतात आणि कापसाला भाव नसलेला बाप हुंड्याच्या चिंतेत बुडतो. पडद्यावर दिसतात ती बहुतेक गावातलीच माणसं. २०२३ ला कॅनडातल्या टोरोंटो महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. इकडं थिएटरात यायला ७ मार्च २०२५ उजाडला.

‘साबर बोंडं’ रोहन कानवडे यांचा. वडिलांच्या दहाव्यासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण, घरच्यांचा लग्नासाठीचा तगादा आणि बालमित्रावरचं त्याचं प्रेम, असा विषय. गावात ज्याच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही, ते यात शांतपणे येतं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा मोठा पुरस्कार त्यानं मिळवला.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव वेगळ्याच वाटेनं गेलं. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख आणि यंत्रमागावर राबणारे त्यांचे सोबती मिळून ‘मालेगाव के शोले’सारखे सिनेमे काढायचे. महागडी यंत्रं नव्हती, म्हणून सायकल आणि बैलगाडीवर कॅमेरा बसवला. हे सिनेमे गावापुरतेच होते. पण त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि तो जगभर फिरला. २०२५ ला आलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी सिनेमा त्याच माणसांवरचा.

सिनेमा महोत्सवात कसा जातो?

वशिला लागतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक महोत्सवांचा अर्ज ऑनलाइन असतो आणि कुणालाही भरता येतो. पायऱ्या साधारण अशा :

१. सिनेमा पूर्ण करणं. एडिटिंग, आवाज, रंग सगळं झालेलं पाहिजे. गावातल्या फिल्म इथंच जास्त मार खातात. चित्र चांगलं असतं, पण आवाजात वारा आणि मोटारीची घरघर येते. मोबाईलवर शूट केलं तरी चालतं, आवाजासाठी मात्र वेगळा माइक घ्यावाच.

२. इंग्रजी सबटायटल. पडद्याखाली संवादांचं भाषांतर. परीक्षकाला मराठी येईलच असं नाही. संवाद वऱ्हाडी असोत की नगरी, भाषांतर नीट करून घ्यावं.

३. अर्ज आणि फी. महोत्सवाच्या वेबसाइटवर किंवा फिल्मफ्रीवेसारख्या ठिकाणी अर्ज भरून सिनेमाची लिंक देतात. काही ठिकाणी फी असते, काही ठिकाणी नसते. प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी.

४. यूट्यूबची घाई नको. अनेक महोत्सव आधीच इंटरनेटवर टाकलेली फिल्म घेत नाहीत. काहींना पहिला खेळ आपल्याकडंच हवा असतो. नियम वाचल्याशिवाय अपलोड करू नये. एकदा टाकलं की दार बंद होऊ शकतं.

५. निवड झाल्यावर थिएटरात चालणारी प्रत द्यावी लागते. तिला डीसीपी म्हणतात. साधी पेनड्राईव्हवरची फाइल मोठ्या पडद्याला चालत नाही.

६. सेन्सॉरचं काय? प्रमाणपत्र नसलेला सिनेमा महोत्सवात दाखवण्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. ते काम आयोजक बघतात. पण तोच सिनेमा तिकीट लावून थिएटरात दाखवायचा, तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतंच.

एक सावधगिरी. ‘आंतरराष्ट्रीय’ असं नाव लावून नुसती फी गोळा करणारे आणि घरबसल्या प्रमाणपत्र पाठवणारे महोत्सवही इंटरनेटवर ढिगानं आहेत. कुठल्या थिएटरात खेळ होतो, परीक्षक कोण, मागच्या वर्षी काय दाखवलं, एवढं बघितलं तरी खरं-खोटं कळतं. खेळ कुठंच होत नसेल तर फी भरू नये.

पैशाचा हिशेब

ही बाजू सगळ्यात कमी बोलली जाते. महोत्सव सिनेमा विकत घेत नाही. निवड झाली म्हणजे पैसे मिळाले असं नसतं. पुरस्काराला रोख रक्कम असेल तर ती एकाला मिळते, बाकीचे मानचिन्ह किंवा प्रमाणपत्र घेऊन घरी येतात. महोत्सवातून मिळतं ते नाव, ओळखी आणि कुणी वितरक किंवा ओटीटीवाला भेटला तर संधी. गोव्याच्या महोत्सवाला लागून सिनेमाचा बाजार भरतो, तिथं अर्धवट झालेल्या सिनेमालाही कधी पैसे लावणारा मिळतो. पण बाजार समितीत माल नेला म्हणजे भाव मिळालाच असं नसतं, तसंच हेही.

‘ख्वाडा’साठी भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकली, ही गोष्ट पेपरात आणि मुलाखतींत खूप आली. ती वाचून अनेक पोरांना स्फुरण चढतं. मराठी सिनेमातल्या पहिल्या मोठ्या शेतकरी सिनेमाचा विषयसुद्धा जमीनच होता. बाबुराव पेंटर यांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि त्याला शहरात गिरणीकामगार व्हावं लागतं. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. शंभर वर्षांनंतर तीच जमीन सिनेमा काढण्यासाठी विकायची वेळ येत असेल, तर घरात बसून चार वेळा विचार झाला पाहिजे. जमीन विकून केलेला एक सिनेमा गाजतो, त्याची बातमी होते. जमीन विकून डब्यात राहिलेल्या सिनेमाची बातमी होत नाही.

त्यातल्या त्यात शहाणपणाची वाट म्हणजे आधी दहा-वीस मिनिटांची शॉर्टफिल्म करणं. ती बुडाली तरी घर बुडत नाही आणि चालली तर पुढच्या सिनेमासाठी दुसऱ्याचे पैसे मागता येतात.

राज्य सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं. समिती सिनेमा बघून गुण देते. बरीच वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख अशी रक्कम ठरलेली होती. नियम बदलत असतात, म्हणून ताजा शासन निर्णय बघूनच गणित मांडावं. आणि हे अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावरचं आहे. काढण्यासाठी आगाऊ पैसे यातून मिळत नाहीत. अनुदानाच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेणं धोक्याचं.

गावात शूटिंग येतं तेव्हा

दिग्दर्शक गावचा असला की सगळं तोंडी चालतं. घर आपलं, वावर आपलं, पोरं आपलीच. नंतर मात्र कुरबुरी होतात. म्हणून चार गोष्टी आधीच कागदावर घ्याव्यात.

वावर आणि घर : किती दिवस, किती पैसे, पिकाचं किंवा बांधाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. रस्ता, शाळा, मंदिर, तलाव अशा जागांना संबंधितांची परवानगी लागते. वनखात्याची हद्द असेल तर त्यांची वेगळी.

काम करणारी माणसं : गर्दीत उभं राहायची हजेरी किती, बोलण्याचं काम असेल तर किती, सिनेमाच्या शेवटी नाव येणार का, हे विचारावं. एक दिवस शूटिंगला गेलं की एक दिवसाचा रोज बुडतो. मोठं काम करणाऱ्यानं करार वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. न समजल्यास गावातल्या शिक्षकाला किंवा वकिलाला दाखवावा.

लहान मुलं : १४ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ पासूनचे केंद्राचे नियम स्पष्ट आहेत. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यायचीच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळा बुडू द्यायची नाही. मिळालेल्या पैशातले किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचे. आईबापांनी हे हक्कानं विचारावं. यात कुणाचा अपमान होत नाही.

जनावरं : बैल, शेळ्या, मेंढ्या, कुत्रं, घोडा, काहीही दाखवायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची शूटिंगआधी परवानगी लागते. ती नसेल तर पुढं सेन्सॉरला सिनेमा अडकतो. गावाकडच्या सिनेमात जनावर येणारच. म्हणून हे काम पहिल्यांदा करावं.

गावाला सिनेमा कधी दिसणार?

महोत्सवात हाउसफुल झालेला सिनेमा तालुक्याच्या थिएटरात एक आठवडाही टिकत नाही, असं वारंवार होतं. खेळ मिळतो दुपारी बाराचा, तेव्हा माणसं कामावर. पहिल्या तीन दिवसांत गर्दी नसेल तर पडदा दुसऱ्याला जातो. अनेक तालुक्यांना आता थिएटरच उरलेलं नाही. पूर्वी यात्रेत तंबूतले टुरिंग टॉकीज यायचे. तेही कमी होत गेले. त्यांच्यावर झालेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात गौरवला गेला. म्हणजे आपल्या यात्रेतल्या तंबूची कदर तिकडं झाली, इकडं तंबू उठले.

यावर उपाय छोटे आहेत, पण आहेत. ज्या गावात शूटिंग झालं, तिथं एक खेळ मोफत दाखवायचा, ही अट सुरुवातीच्या कागदातच घालावी. शाळेचं मैदान, प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि दोन स्पीकर एवढ्यावर काम भागतं. गणपतीत नाही तर यात्रेत तेवढा खर्च मंडळं सहज करतात. फक्त निर्मात्याची लेखी परवानगी घ्यावी. टेलिग्रामवरून उतरवलेली चोरीची प्रत लावणं हा गुन्हा आहे आणि त्यात नुकसान आपल्याच माणसाचं होतं.

महोत्सवाला स्वतः जायचं असेल तर वेबसाइटवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी. फी भरली की गळ्यात घालायचा पास मिळतो आणि त्यावर सगळे दिवस सिनेमे बघता येतात. विद्यार्थ्यांना सवलत असते का ते विचारावं. जागा आधी येणाऱ्याला मिळते, म्हणून अर्धा तास अगोदर रांगेत उभं राहावं. सेन्सॉर न झालेले सिनेमे असल्यामुळं १८ वर्षांखालच्यांना प्रवेश आहे का, हेही आधी बघावं.

लक्षात ठेवायचं ते

निवड म्हणजे मान, पैसे नव्हे. यूट्यूबवर टाकण्याआधी महोत्सवाचे नियम वाचावेत. पोरांची आणि जनावरांची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी. वावर, मजुरी आणि गावातला खेळ हे तिन्ही कागदावर असावं. सातबारा मात्र घरातच राहू द्यावा.